पितळी हंसाची मोटार

आमचे घरमालक शनिवारी सकाळी डोक्याला तिळाचं तेल लावत आणि तळहाताला उरेल ते मोटारीच्या बिजागऱ्यांना. आधी डोकं, मग बिजागऱ्या. हा क्रम कधी चुकला नाही. मग तेल मुरेपर्यंत तासभर ते नुसत्या पंच्यावर, अंगभर चमकत, मोटारीच्या पायरीवर बसून राहत. मी कामाला निघालो की म्हणत, "बैसा, बैसा. आज वंडी प्रसन्न अहे."

वंडी म्हणजे तमिळमध्ये गाडी. बाकी सगळं मराठीच, पण कसली मराठी! मी तेव्हा चोवीस वर्षांचा, मिरजेहून बदली होऊन कुंभकोणमच्या स्टेशनात पार्सल ऑफिसात येऊन पडलेला. भाषेवाचून जीव नुसता गुदमरत होता. कुणीतरी सांगितलं, अमक्या गल्लीत एक मराठी घर आहे, माडीवरची खोली रिकामी आहे. मी जवळजवळ धावतच गेलो. दारात एक उघडाबंब गृहस्थ, कानावर पेन्सिल, हातात पाना. त्यांनी माझं सगळं बोलणं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि फार कळवळून म्हणाले, "तुमची मराठी बहुत मोडली अहे." माझी मोडली? यांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या वेळी इकडे आले ते इथलेच झाले, आणि येताना आणलेली भाषा यांनी तशीच जपून ठेवलेली. "असो," ते म्हणाले, "येथें राहा. दुरुस्त होईल." त्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होईल असंच वाटे. मी सहा वर्षं राहिलो. माझी मराठी काही दुरुस्त झाली नाही.

गल्लीतले लोक त्यांना रायर म्हणत, म्हणून मीही रायर म्हणायला लागलो. त्यांच्या पत्नीला सगळे मामी म्हणत, मीही मामी म्हणे. रायर वकील होते. म्हणजे काळा कोट होता, पाटी होती आणि कोर्टात जायचेही. पण समोरचा वकील बोलायला उभा राहिला की यांना त्याचं म्हणणं पटायचं. नुसतं पटून गप्प बसावं की नाही? हे मान डोलवायचे. पक्षकार पाठीमागे कपाळाला हात लावून बसलेला, आणि हे "योग्य बोलिला, योग्य बोलिला" म्हणून पुटपुटतायत! दोन वेळच्या भाताचं बघायला पट्टीश्वरमकडची थोडी शेती होती, नाहीतर कठीण होतं.

मोटार त्यांना कोर्टातच भेटली. कुणी एक चहामळेवाला साहेब, इंग्रज गेले तेव्हा, घाईघाईनं निघून गेला आणि त्याची दोन माणसांची, धावायच्या शर्यतीची उघडी मोटार कोर्टाच्या मागच्या कडुलिंबाखाली सोडून गेला. कावळ्यांनी आत घरटं केलं. तीन वर्षं रायर खिडकीतून तिच्याकडे बघत खटले हरत होते. शेवटी लिलाव झाला, त्यात एकट्या रायरांनीच बोली लावली. चार बैलांनी ओढून ती घराच्या मागल्या बोळातून गोठ्यात आणली. गाय आधीपासून होतीच. गाईला अर्धा गोठा, मोटारीला अर्धा. मामींनी त्या दिवशी जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत म्हणतात.

मी आलो तेव्हा मोटार सुरू व्हायला लागली होती. दररोज पहाटे रायर पुढचं हँडल धरून देवाचं नाव घेत आणि गरागरा फिरवत. पहिल्या फेऱ्यात काही नाही. दुसऱ्यात खोकला. तिसऱ्यात, कधी सातव्यात, एकदा तर एकविसाव्यात, इंजिन असं काही गर्जायचं की माझ्या खोलीतला तांब्या हलायचा. याच वेळी मामी दूध काढत असत. बिचारी गाय पहिल्यांदा म्हणे दावं तोडून पळाली. पण तीन-चार महिन्यांत तिला असं वळण लागलं की इंजिन सुरू झाल्याशिवाय ती पान्हाच सोडीना! खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. रायरांना खोकला-ताप झाला की घरात कॉफी नाही. आणि कुंभकोणममध्ये सकाळी कॉफी नाही म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. मामी भांडं घेऊन गाईशेजारी ताटकळत बसायच्या आणि मोटारीकडे असं काही बघायच्या, की मोटारीच्या जागी मी असतो तर गंजून गेलो असतो.

दुरुस्तीचं सामान मिळायचं कुठून? मद्रासहून कधी एखादं पार्सल यायचं, ते मीच सोडवून आणी. बाकी सगळं गावात. अंगाची लाकडी चौकट कुजली होती, ती देवळाचा रथ दुरुस्त करणाऱ्या आसारीकडून, म्हणजे सुताराकडून, बसवून घेतली. तो म्हातारा मुहूर्ताशिवाय रंधा हातात धरीना, आणि देवाच्या रथाला वापरतात त्याच लाकडाचा हट्ट धरून बसला. इंजिनाच्या डोक्याखालचा तांब्याचा पत्रा भांडी घडवणाऱ्याकडून कापून आणलेला. तो मऊ व्हायला लाल तापवून पाण्यात बुडवावा लागतो, आणि तापवायला मामींची चूल. सांबाराच्या शेजारी इंजिनाचा पत्रा! व्हॉल्व्ह घासायचे तर काठीला लावून दोन्ही तळव्यांत रवीसारखे घुसळत बसायचे, दोन-दोन तास, आणि तोंडानं स्तोत्र.

नुसतं दुरुस्त करून भागलं असतं तर रायर कसले? त्यांना सुधारणा करायची असे. गिअरच्या दांड्याची रचना त्यांना पटेना, तर त्यांनी सगळं उलटं करून टाकलं. पहिला जिथं असायचा तिथं तिसरा. मग ती मोटार अख्ख्या मुलखात फक्त एकच माणूस चालवू शकायचा. इंजिनाचं पाणी गार ठेवणारा पुढचा पंखाही काढून टाकला. म्हटलं, रायर, हा कशाला काढला? "वजन," ते म्हणाले. "धावत्या वंडीस वारा देव देतो. पंखा कशास?" पंखा गोठ्यात खुंटीला टांगला.

आणि तो हंस. रेडिएटरचं झाकण फुटलं, तसं नवं पितळेचं ओतून घ्यायला रायर नाचियारकोविलला गेले. तिथं घरोघरी समया ओततात. ओतारी आठवड्यानं झाकण घेऊन स्वतः आला, तर झाकणावर समईच्या टोकाला असतो तसा वीतभर हंस! रायर म्हणाले, मी नुसतं झाकण सांगितलं होतं. ओतारी भडकलाच. म्हणाला, "डोक्यावर हंस नसलेली वस्तू आमच्या भट्टीतून आजवर बाहेर पडली नाही. तुम्ही म्हणता म्हणून मी बापजाद्यांचं नाव बुडवू?" रायरांना अर्थातच त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी हंसाच्या चोचीत बारीक भोक पाडलं, वाफ जायला. पाणी उकळलं की हंस शीळ घालायचा. "हंस बोलूं लागला कीं झाकण उघडूं नये," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "तोंड भाजेल."

सगळ्यांना या मोटारीचं हसू यायचं, एका माणसाला सोडून. आडुतुरैचा एक भातगिरणीवाला दर अमावस्येला यायचा, गोठ्यात उभा राहून इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "रायर, हे इंजिन मला द्या. शेतात पंपाला लावतो. पाणी काय सुंदर ओढील!" रायर त्याला कॉफी पाजून परत पाठवत. एकदा तो गेल्यावर मला म्हणाले, "शेतांत, चिखलांत, एके जागीं उभें करून! त्यापरीस मजलाच बांधून ठेविलें तरी चालेल." कोर्टात हा माणूस कधी ताठ उभा राहिलेला मी पाहिला नाही, पण या मोटारीत बसला की त्याची मान सरळ व्हायची. ती मोटार म्हणजे त्यांचं काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

आणि मग थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. वर मद्रासला कसल्याशा ऑफिसात हिशेबनीस, जाड चष्म्याचा, फार गंभीर मुलगा. त्याचे वडील तंजावरचे रिटायर तहसीलदार. त्यांचं एकच कलम होतं. तिकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जानवासम असतं. नवरदेवाला सुटाबुटात उघड्या मोटारीत बसवून, सनईसारखी लांब नादस्वरं वाजवत, देवळापासून लग्नघरापर्यंत मिरवीत आणतात. "उघडी मोटार पाहिजे," तहसीलदारांनी बजावलं, "टपाची चालणार नाही." गावात भाड्याची उघडी मोटार एकच, आणि तीही त्या मुहूर्ताला दुसरीकडे ठरलेली. मामी हवालदिल झाल्या.

"आपली वंडी असतां चिंता कशाची?" रायर म्हणाले.

मामींनी हातातली पळी खाली ठेवली. "ही? हिच्यावर जांवयास बैसवणार? वाटेंत बंद पडली तर मी तोंड कोठें लपवूं? पोरीस जन्मभर ऐकावें लागेल, कीं बापाच्या घरीं मोटारसुद्धां चालत नव्हती."

"पडणार नाहीं."

"पडली तर?"

रायरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत खोचली. मामी म्हणाल्या, "पडली तर दुसरे दिवशीं आडुतुरैवाला इंजन घेऊन जाईल. सरी?"

सरी म्हणजे कबूल. रायरांनी गोठ्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग "सरी" म्हणाले, ते मला जेमतेम ऐकू आलं. पण वकीलच ते! लगेच कागद काढला आणि झोकात मसुदा केला, की गणपतीच्या देवळापासून घराच्या दारापर्यंत इंजिन बंद न पडतां वंडी पोचली तर वंडी कायम घरीं राहील, न पोचली तर गिरणीवाल्यास जाईल. साक्षीदार म्हणून माझी सही. मामींनीही सही केली. कागद रायरांनी कमरेला खोचला.

मग दीड महिना आम्ही वेडे झालो होतो, दुसरा शब्द नाही. रोज सकाळी नाचियारकोविलच्या रस्त्यावर चाचणी. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, बसवाले अवाक होऊन बघतायत, रायरांची शेंडी सरळ मागे उडतेय, पुढं हंस चमकतोय, आणि पन्नासाच्या वेगात रायर ओरडतायत, "हंस बोलतो काय? बोलतो काय?" मी ओरडतोय, "नाही! गप्प आहे!" एकदाही इंजिन बंद पडलं नाही. एकदाही हंस बोलला नाही. आम्ही इतके खूश, इतके खूश, की परत येऊन मामींकडे दुसऱ्यांदा कॉफी मागायचा धीर व्हायचा.

जानवासमच्या संध्याकाळी रायर स्वतःच चालवायला बसले. दुसरं कोण चालवणार, उलटे गिअर! मुलीच्या बापानं ड्रायव्हर व्हायचं म्हणून चार बायका कुजबुजल्या, पण तहसीलदारांची छाती फुगली. व्याही स्वतः सारथी, म्हणजे केवढा मान! नवरदेव सुटात, गळ्यात मांडीपर्यंत हार, मागच्या गुंडाळलेल्या टपावर उंच बसलेला. मी पुढे रायरांच्या शेजारी, मांडीवर पाण्याची कळशी. पेट्रोल रायरांनी मोजून दोनच बाटल्या घातलेलं. आजूबाजूला गॅसबत्त्या, फटाके, ठिणगी पडायला नको. अंतर तरी किती, अर्धा मैल. नादस्वरं सुरू झाली, मिरवणूक हलली, आणि मोटार गोगलगाईच्या चालीनं निघाली.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अहो, दीड महिना आम्ही गाडी पळवून पाहिली होती. चालवून पाहिलीच नव्हती! मिरवणूक दहा पावलं जाई आणि थांबे. नादस्वरवाला रंगात येई, लोक माना डोलवीत, मग आणखी दहा पावलं. वारा नाही. झुळूकसुद्धा नाही.

"रायर," मी हळूच म्हटलं, "पंखा."

"पंखा गोठ्यांत अहे," रायर समोर बघत म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता.

अर्ध्या वाटेवर हंस बोलला. आधी बारीक, मग चांगली लांब शीळ. नादस्वरवाल्यानं वाजवता वाजवता वळून रागानं पाहिलं, की हा बेसूर कोण लावतोय. माझ्या मांडीवर कळशीभर पाणी आणि झाकण उघडायची सोय नाही! इंजिन गुदमरायला लागलं, एक ठोका चुकला, दुसरा चुकला. रायर पांढरेफटक. मला वाटलं, संपलं. गेली आडुतुरैला.

रायर ताठ बसले. मागे न बघता म्हणाले, "जांवईबापू, घट्ट धरा."

आणि दांडा ओढला. मोटार नादस्वरांच्या बाजूनं, फटाकेवाल्यांच्या मधून, एका बैलगाडीला वळसा घालून जी सुटली! मागे एकच हलकल्लोळ. वाजवणारे थांबले, तहसीलदार "अय्यो, माझा पोर! माझा पोर!" करत धोतर सावरून धावतायत. लग्नाच्या सकाळी तिकडे नवरा रुसून काशीयात्रेला निघाल्याचं सोंग करतो आणि सासरा त्याला समजावून परत आणतो. म्हणून एक म्हातारी दारातून ओरडली, "काशीयात्रा उद्या सकाळी ना? आजच कसा निघाला? आणि सासराच घेऊन चाललाय!"

आम्ही महामहम तळ्याच्या काठी पोचलो तेव्हा हंसाची शीळ बारीक झाली होती. तळ्याला वळसा घेताना ती थांबली. वारा! देवानं दिला वारा! रायर मोठमोठ्यानं हसायला लागले, मीही हसायला लागलो, कळशीतलं अर्धं पाणी माझ्या धोतरावर. आणि मागून आवाज आला. तो गंभीर हिशेबनीस, ज्यानं मुलगी बघायच्या दिवशी तीन शब्द उच्चारले असतील, हाराची फुलं वाऱ्यावर उडवत, चष्मा एका हातानं धरून ओरडत होता, "मामा, आणखी वेगानें! आणखी एक फेरा!"

एक फेरा आणखी झाला. जावयाचा शब्द कसा मोडणार? पण त्या फेऱ्यात दोन बाटल्यांचा हिशेब कुणाच्याच डोक्यात राहिला नाही.

आमच्या गल्लीत आम्ही उलट्या टोकानं शिरलो. समोर मांडव दिसत होता, दाराशी दोन बाजूंना घडांसकट बांधलेले केळीचे खांब, मध्ये ओवाळायचं लाल पाणी घेऊन मामी. मिरवणूक धापा टाकत दुसऱ्या टोकानं येत होती. तीस पावलं राहिली, पंचवीस राहिली, आणि इंजिनानं एक उचकी दिली आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं. दारापासून वीस पावलांवर मोटार उभी राहिली ती राहिली.

ढकलू म्हटलं तर रायरांनी हात वर केला. ते खाली उतरले, हंसावर एकदा हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजन बंद पडलें. मी हरलों." खोटं त्या माणसाला कधी जमलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. माझ्याच्यानं बघवेना.

मामींनी पाहिलं. मोटारीकडे पाहिलं, वर बसलेल्या, केस पिंजारलेल्या, तोंडभर हसणाऱ्या जावयाकडे पाहिलं, आणि मग रायरांकडे. मांडववाल्या दोघांना म्हणाल्या, "केळी सोडा."

ते बघतच राहिले.

"ऐकूं येत नाहीं? केळीचे खांब सोडा. घेऊन या माझ्या मागें."

दोन धटिंगण गडी घडांसकट केळी खांद्याला लावून वीस पावलं आले आणि मोटारीच्या दोन अंगांना धरून उभे राहिले. मामींनी मूठभर रांगोळी घेतली, मोटारीच्या पुढच्या चाकांपुढे वाकून झरझर चार रेघा ओढल्या, ताट उचललं आणि नवरदेवाला ओवाळलं. मग, सगळ्या गावादेखत, हंसालाही ओवाळलं.

"हें दार," त्या म्हणाल्या. "वंडी दारीं पोचली. उतरा, कॉफी थंड होते."

रायरांनी कमरेचा कागद काढला. गॅसबत्तीखाली धरून नीट वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. "दार कोठें असावें, हें लिहिलेंच नाहीं," ते रडत रडत हसत म्हणाले. "मसुदा कच्चा अहे. माझाच अहे!" तहसीलदार धापा टाकत पोचले, ते काही बोलणार तोच त्यांच्या मुलानं विचारलं, "अप्पा, तुम्हीही बैसतां काय? तळ्यापर्यंत?" रायरांनी जिंकलेला मला ठाऊक असलेला हा एकच खटला, आणि त्यात वकील मामी होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झोपेत असताना दारावर थाप पडली. बाहेर मामी, लग्नाची नऊवारी नेसलेल्या, हातात दुधाचं भांडं. दोनशे माणसं कॉफीसाठी खोळंबलेली, गाय अडून बसलेली, रायर होमापुढे, त्यांना उठता येत नव्हतं. "मोडकी मराठी, ऊठ," मामी म्हणाल्या, "इंजनास पेट्रोल आण." पंपवाल्याला उठवून मी डबा भरून आणला आणि ओतला. हँडल धरायला वळलो, तर मामींनी ते आधीच धरलेलं होतं. पदर खोचून त्यांनी एकच फेरा दिला, आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं.